रुपेरी पडद्यावरची क्लिओपात्रा

इ. स. पूर्वीं २९ च्या ऑगस्ट महिन्यांत रोम शहरांत एक मोठी विजययात्रा निघाली. तीन दिवस चाललेल्या त्या सोहळ्यांत ऑक्टेव्हियननें, जो पुढें ऑगस्टस या नांवानें रोमचा पहिला बादशहा झाला त्यानें, इजिप्तची लूट आणि बंदिवान नागरिकांच्या डोळ्यांपुढून मिरविले. जिला साखळदंडांत बांधून आपल्या रथापुढें चालवावें अशी त्याची फार इच्छा होती, ती इजिप्तची राणी क्लिओपात्रा मात्र त्या मिरवणुकींत नव्हती. एक वर्षापूर्वींच तिनें आपल्या हातानें आपला शेवट करून घेतला होता. तेव्हां तिच्या ऐवजीं तिची प्रतिमा मिरविण्यांत आली. अंगाला सर्प बिलगलेला आहे, अशी. प्रतिमेसोबत तिचीं जुळीं मुलें चालत होतीं.

जनसमुदायाला दाखविण्यासाठीं केलेलें क्लिओपात्रेचें चित्र तें हें असें. तें तिच्या शत्रूनें करविलें होतें, आणि रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांपैकीं फारच थोड्यांनीं तिला प्रत्यक्ष पाहिलें असेल. चित्रपटांनीं इतिहासाचा विपर्यास केला, अशी तक्रार सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येते. क्लिओपात्रेच्या बाबतींत ही तक्रार अर्धीच खरी आहे. विपर्यास चित्रपटाच्या जन्माआधीं सुमारें एकोणीसशें वर्षें होऊन गेला होता. चित्रपटानें त्या विपर्यासाला चेहरा दिला, चालणें-बोलणें दिलें, आणि पूर्वीं जें थोड्या वाचकांच्या कल्पनेंत होतें तें कोट्यवधि प्रेक्षकांच्या डोळ्यांत कायमचें बसविलें.

ऑक्टेव्हियनची अडचण समजून घेतली म्हणजे त्या चित्राचें मूळ सांपडतें. त्याचा खरा प्रतिस्पर्धी मार्क अँटनी. परंतु अँटनी रोमन होता, नामांकित सेनापति होता, आणि त्याचे पुष्कळ चाहते रोममध्येंच होते. वर्षानुवर्षें चाललेल्या यादवीनें लोक कंटाळून गेले होते. आणखी एका यादवीचें नांवहि त्यांना ऐकवत नव्हतें. म्हणून इ. स. पूर्वीं ३२ सालीं युद्ध पुकारण्यांत आलें तें अँटनीविरुद्ध नव्हे, एकट्या क्लिओपात्रेविरुद्ध. आणि तेंहि भाला फेंकण्याच्या जुन्या धार्मिक विधीसह. अँटनी हा बिचारा एका परकीय स्त्रीच्या मोहिनीनें भुललेला, शुद्धीवर नसलेला मनुष्य, असें लोकांना सांगण्यांत आलें. युक्ति मोठी चतुर होती. राणीचें सामर्थ्य तिच्या खजिन्यांत, आरमारांत, धान्यांत आणि मुत्सद्देगिरींत आहे असें कबूल केलें असतें, तर अँटनीनें तिच्याशीं केलेली युति ही साधी राजकारणाची बाब ठरली असती. तें सामर्थ्य तिच्या देहांत आहे असें म्हटलें कीं सारा प्रश्न सुटला. पुढें होरेस, व्हर्जिल, प्रोपर्शियस या कवींनीं त्याच सुरांत आपला सूर मिळविला. जिंकणाऱ्याच्या राज्यांत दुसरा सूर निघणार तरी कसा?

शेक्सपिअरनें १६०७ च्या सुमारास तिच्यावर नाटक रचिलें तें प्लूटार्कच्या चरित्रग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरावरून. त्याच्या क्लिओपात्रेला बुद्धि आहे, विनोद आहे, मरतांना राजतेजहि आहे. परंतु तिच्या हातून राज्यकारभार होतांना फारसा दिसत नाहीं. याच नाटकाचें वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं मराठी रूपांतर केलें. त्याचें नांव 'वीरमणि आणि शृंगारसुंदरी'. या नांवांतच निकाल लागून गेला आहे. पुरुष तो वीर, आणि एकवीस वर्षें राज्य केलेली स्त्री ती शृंगाराची सुंदरी! केळकरांना याबद्दल दोष देण्याचें कारण नाहीं. रोमहून निघालेलें चित्र लंडनमार्गें मराठी रंगभूमीपर्यंत येऊन पोंचलें, एवढेंच.

मग ही राणी होती तरी कशी? जन्मानें ती मॅसिडोनियन ग्रीक वंशांतली. सिकंदराचा सेनापति टॉलेमी यानें इजिप्तमध्यें स्थापिलेल्या घराण्यांतली ती शेवटची मोठी राज्यकर्ती. इ. स. पूर्वीं ५१ सालीं, वयाच्या सुमारें अठराव्या वर्षीं, ती गादीवर आली, तेव्हां वारशांत तिला बापाचें कर्जहि मिळालें. तिचा बाप बारावा टॉलेमी. त्यानें आपली गादी टिकविण्यासाठीं रोमन सावकारांकडून अतोनात पैसा उचलला होता. घराण्याच्या रीतीप्रमाणें धाकट्या भावाबरोबर तिनें राज्य करावयाचें होतें. त्या भावाच्या कारभाऱ्यांनीं तिला लवकरच देशाबाहेर घालविलें. इ. स. पूर्वीं ४८ सालीं सीझर अलेक्झांड्रियांत उतरला तेव्हां ही एकवीस वर्षांची मुलगी पूर्व सरहद्दीवर सैन्य जमवून बसलेली होती. ही गोष्ट गालिच्याच्या सुप्रसिद्ध कथेंत बहुधा हरवून जाते.

त्या गालिच्याविषयींहि जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. प्लूटार्क सांगतो तें असें कीं, अपॉलोडोरस नांवाच्या विश्वासू माणसानें तिला अंथरुणाच्या वळकटींत बांधून राजवाड्यांत पोंचतें केलें. पुढें वळकटीचा गालिचा झाला. चित्रकाराला आणि दिग्दर्शकाला गालिचा उलगडतां येतो. वळकटी सोडणें हा कांहीं तितका शोभिवंत प्रसंग नव्हे.

प्लूटार्क तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहीत होता, पण त्याच्या लिहिण्यांत एक प्रामाणिक नोंद आहे. तिचें रूप पाहतांच माणूस थक्क व्हावा असें कांहीं नव्हतें, खरी ओढ होती ती तिच्या संभाषणाची, आवाजाची आणि स्वभावाची, अशा आशयाचें तो लिहितो. हबशी, ज्यू, अरब, सिरियन, मीड, पार्थियन अशा कित्येक लोकांशीं ती दुभाष्यावांचून बोले. तिच्या आधींच्या राजांनीं मात्र इजिप्तची भाषा शिकण्याचेहि श्रम घेतले नव्हते. जवळजवळ तीनशें वर्षें ज्या प्रजेवर राज्य केलें तिची भाषा त्या घराण्यांत हिनेंच प्रथम आपलीशी केली. या एका गोष्टीचें मोल, ज्या देशानें परकी राज्य पाहिलें आहे तेथील श्रोत्यांना निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

इजिप्तचें सारें वैभव नाईल नदीच्या पुरावर अवलंबून. पूर आला तर पीक. न आला तर दुष्काळ. तिच्या कारकीर्दींत हा पूर एकदांच नव्हे, अनेकदां हुकला. त्याचें एक कारण अलीकडे उमगलें आहे. इ. स. पूर्वीं ४३ च्या आरंभीं अलास्कांतील ओकमोक या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता, हें ध्रुवाकडील बर्फाच्या थरांत सांपडलेल्या राखेवरून संशोधकांनीं २०२० सालीं दाखवून दिलें. त्या स्फोटानें हवामान थंडावून नाईलचा पूर उणावला असावा असा त्यांचा निष्कर्ष आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या डोंगरानें पेट घ्यावा आणि अलेक्झांड्रियांतील राणीनें धान्याच्या कोठारांचीं दारें उघडावीं, असा हा विलक्षण संबंध! त्याच कठीण काळांतला, इ. स. पूर्वीं ४१ मधील, तिचा एक हुकूमनामा शिल्लक आहे. खेड्यांत शेती करणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या नागरिकांकडून स्थानिक अधिकारी नियमाबाहेर वसुली करीत. ती बंद करण्याची त्यांत आज्ञा आहे. तिनें काशाच्या नाण्यांवर त्यांची किंमत, ८० आणि ४० द्राख्मा, अक्षरचिन्हांनीं उठविली; आणि चांदीच्या नाण्यांतली चांदी निम्म्याहून कमी करून खजिना तगविला. हा शेवटचा उपाय कौतुकाचा खास नव्हे. पण तो राज्य चालविणाऱ्याचा उपाय आहे.

तिला देवता बनविण्याचेंहि कारण नाहीं. तिचा एक भाऊ तिच्या पक्षाशीं लढतां लढतां नाईलमध्यें बुडाला. दुसरा भाऊ मेला तेव्हां त्याला तिनेंच विष घातलें असें जोसेफस लिहितो. बहीण आर्सिनोई हिला तिच्या सांगण्यावरून अँटनीनें इफेसस येथें ठार करविलें. दुष्काळांत अलेक्झांड्रियांतील ज्यू लोकांना तिनें धान्य नाकारलें, असाहि जोसेफसचा आरोप आहे. हीं कृत्यें क्रूर आहेत. मात्र तिच्या घराण्यांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या हेंच करीत आले होते, आणि त्यांची कथा सांगतांना त्यांच्या डोळ्यांचें व ओठांचें वर्णन करण्याची कोणासहि गरज भासली नाहीं.

चित्रपटाची कला जेमतेम चार वर्षांची असतांनाच क्लिओपात्रा तींत शिरली. १८९९ सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज मेलिए यानें तिच्या थडग्यावर एक चिमुकला मूकपट केला. त्यांत तिच्या ममीच्या अवशेषांतून एक स्त्री जिवंत होऊन उभी राहते. १९१२ सालीं अमेरिकेंत हेलन गार्डनर या नटीनें आपल्या नांवाची कंपनी काढून पहिलाच मोठा मूकपट केला तो क्लिओपात्रेवर. निर्माती स्वतः स्त्री, आणि तिला प्रथम सुचली ती राणी, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

खरा सांचा पडला तो १९१७ सालीं. फॉक्स कंपनीच्या 'क्लिओपात्रा' या मूकपटांत थीडा बारा नांवाची नटी राणी झाली. हिचें खरें नांव थिओडोसिया गुडमन. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरांतील एका शिंप्याची ही मुलगी. पण कंपनीच्या जाहिरातवाल्यांनीं हिचा जन्म सहाराच्या वाळवंटांत झाल्याची बातमी पसरविली, तिला कवट्या आणि सर्प यांच्या संगतींत बसवून फोटो काढविले, आणि पुरुषांचें सर्वस्व शोषून त्यांना टाकून देणारी स्त्री अशी तिची ख्याति केली. आधीं नटीचें खोटें चरित्र तयार करावयाचें, आणि मग तेंच चरित्र इतिहासांतल्या राणीला चिकटवावयाचें, अशी ही दुहेरी कारागिरी! १९३७ सालीं न्यू जर्सीमधील गुदामाला आग लागून त्या चित्रपटाच्या प्रती जळून गेल्या; आज त्याचे कांहीं थोडे तुकडे शिल्लक आहेत. फोटो मात्र उरले. म्हणजे कथा नाहींशी झाली आणि पोशाख राहिला. पुढें पन्नास वर्षें क्लिओपात्रा म्हणजे कोण असें विचारलें असतां लोकांच्या डोळ्यांपुढें उभी राही ती याच फोटोंतल्या वळणाची स्त्री.

१९३४ चा सेसिल डी मिल याचा बोलपट यापेक्षां पुष्कळ चलाख आहे. त्यांत क्लॉडेट कोल्बेर हिनें राणीची भूमिका केली. तिची राणी हजरजबाबी आहे, तिला राजकारण समजतें, आणि अँटनीला आपल्या नौकेवर बोलावून ती ज्या प्रकारें त्याची घमेंड उतरविते तो प्रसंग आजहि पाहतांना मौज वाटते. छायालेखनाचें ऑस्कर पारितोषिक या चित्रपटाला मिळालें तें योग्यच होतें. पण कथेचा सांधा कोठें बदलतो तें पाहावें. अँटनीला विष देण्याचा तिचा बेत असतो; तोंच रोमनें युद्ध पुकारल्याची वार्ता येते, अँटनी वीरश्रीनें उसळून उठतो, आणि त्याचें तें रूप पाहून ही राणी आपण आतां राणी उरलों नाहीं, केवळ स्त्री आहों, असें कबूल करिते. येथें टाळ्या पडाव्या अशी दिग्दर्शकाची अपेक्षा आहे. राज्य करणें हें जणूं एक आजारपण होतें आणि प्रेमाच्या औषधानें तें बरें झालें! प्रत्यक्ष इतिहासांत ज्या स्त्रीनें ॲक्टियमच्या आरमारी लढाईंत स्वतःचीं जहाजें नेलीं आणि शेवटपर्यंत आपल्या मुलांच्या गादीसाठीं ऑक्टेव्हियनशीं बोलणीं चालविलीं, तिच्या तोंडीं ही कबुली घालणें हा ऑक्टेव्हियनच्या प्रचाराहूनहि मोठा अन्याय आहे. ऑक्टेव्हियन निदान तिला भीत होता.

कपाळावर सरळ कापलेले केंस, डोळ्यांना कानापर्यंत ओढलेलें काजळ, हा तिचा जो वेष आतां ठरून गेला आहे तो नाण्यांवर दिसत नाहीं. तिच्या स्वतःच्या नाण्यांवर केंसांच्या पट्ट्या मागें वळवून अंबाडा बांधलेला आहे, भोंवतीं ग्रीक राजांची रुंद फीत आहे, नाक बांकदार आणि हनुवटी पुढें आलेली आहे. देवळांच्या भिंतींवर ती वेगळी दिसते, ती अर्थात् इजिप्तच्या जुन्या राण्यांच्या ठराविक थाटांत. डेंडेरा येथील देवळाच्या मागच्या भिंतीवर ती आणि तिचा मुलगा सीझरियन देवतांना नैवेद्य अर्पण करीत आहेत. ग्रीकांना एक रूप आणि इजिप्शियनांना दुसरें, ही योजना तिनें हेतुपूर्वक चालविली होती. आपलें चित्र आपण घडवावें हें तिला चित्रपटवाल्यांच्या पुष्कळ आधीं कळलें होतें.

१९४५ सालीं ब्रिटनमध्यें गेब्रिअल पास्कल यानें बर्नार्ड शॉच्या नाटकावरून चित्रपट काढला. त्यांत व्हिव्हियन ली ही क्लिओपात्रा झाली. शॉनें एकवीस वर्षांच्या राणीला सोळा वर्षांची अल्लड पोर केली, आणि राज्य कसें करावें हें तिला सीझर शिकवितो असें दाखविलें. नाटक गमतीचें आहे. पण जी मुलगी सरहद्दीवर फौज घेऊन बसली होती तिला मांजरीच्या पिलासारखी खेळविण्यांत शॉसारख्या स्त्रीस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यालाहि कांहीं वावगें वाटलें नाहीं.

यानंतर आला १९६३ चा महाचित्रपट. एलिझाबेथ टेलर हिला या भूमिकेसाठीं दहा लक्ष डॉलर देण्याचा करार झाला. चित्रीकरण लंडनजवळ सुरू झालें, ती गंभीर आजारी पडली, मग सगळा संसार रोमला हलविला. खर्च वीस लक्षांच्या अंदाजावरून तीन कोटि डॉलरांच्या पलीकडे गेला. टेलर आणि अँटनीचें काम करणारा रिचर्ड बर्टन, दोघेंहि विवाहित, यांच्या प्रेमप्रकरणानें वर्तमानपत्रें भरून गेलीं. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वींच प्रेक्षकांच्या मनांत क्लिओपात्रा आणि टेलर एक होऊन गेल्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वींच्या राणीला पाहावयास आलेले लोक प्रत्यक्षांत कालच्या बातमीला पाहावयास येत होते.

तरीहि त्या चित्रपटांत कांहींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. दिग्दर्शक जोसेफ मँकिएविक्झ वाचणारा माणूस होता. त्याची क्लिओपात्रा ग्रंथालयाला आग लागल्याचें कळतांच सीझरवर जळफळते. सिकंदराचें एकछत्री जगाचें स्वप्न ती बोलून दाखविते. तिला मुलाच्या हक्काची चाड आहे. त्याला तीन-तीन तासांचे दोन स्वतंत्र चित्रपट करावयाचे होते. मालकांनीं तें मानलें नाहीं, आणि कात्री लावून एकच सुमारें चार तासांचा चित्रपट काढला. त्याला चार ऑस्कर पारितोषिकें मिळालीं: छायालेखन, कलादिग्दर्शन, वेषभूषा आणि चमत्कृतिदृश्यें यांसाठीं. अभिनयासाठीं नामनिर्देश झाला तो सीझरचें काम करणाऱ्या रेक्स हॅरिसनचा.

या चित्रपटांतील जें दृश्य सर्वांना आठवतें तें राणीच्या रोमप्रवेशाचें. शेंकडों गुलाम ओढीत आणतात त्या प्रचंड स्फिंक्सच्या पुतळ्यावर, सोन्याच्या वस्त्रांत, मुलाला जवळ घेऊन ती बसलेली आहे. ज्या कमानींतून ती येते ती दिसावयास कॉन्स्टंटाईनच्या कमानीसारखी आहे, आणि ती कमान सीझरनंतर साडेतीनशेंहून अधिक वर्षांनीं उभारण्यांत आली. असल्या चुकांवर हांसावें आणि सोडून द्यावें. परंतु या दृश्याची खरी चूक कमानींत नाहीं. इ. स. पूर्वीं ४६ सालीं क्लिओपात्रा रोमला आली हें खरें. ती टायबर नदीपलीकडे सीझरच्या बागेंतल्या वाड्यांत उतरली, आणि तिच्यासाठीं असा सोहळा झाल्याचें प्राचीनांपैकीं कोणी लिहीत नाहीं. त्या वर्षीं रोमच्या रस्त्यांतून इजिप्तची एक राजकन्या खरोखरच नेण्यांत आली. ती तिची धाकटी बहीण आर्सिनोई. सीझरविरुद्ध अलेक्झांड्रियाच्या फौजेची ती पुढारी झाली होती, आणि आतां त्याच्या विजययात्रेंत बेड्या घालून चालत होती. ती कोंवळी पोर पाहून रोमन गर्दीलाहि तिची दया आली. रोमला आलेल्या राजस्त्रीचें काय होऊं शकतें हें क्लिओपात्रेला त्यानंतर कोणी सांगण्याची जरूर नव्हती. सोळा वर्षांनीं तिनें मरण पत्करलें तें कां, याचा उलगडा प्रेमापेक्षां या मिरवणुकींत अधिक होतो. पडद्यावरच्या सोनेरी मिरवणुकीनें ही दुसरी मिरवणूक पुसून टाकली आहे.

असें वारंवार कां व्हावें? एक कारण साधें आहे. कॅमेऱ्याला चेहरा टिपतां येतो. जमाखर्चाची वही, धान्याचें कोठार, दुभाष्यावांचून चाललेली वाटाघाट हीं टिपणें कठीण. दुसरें कारण तिकिटांच्या हिशेबाचें: कोट्यवधि डॉलर घालून सुंदर नटी आणल्यावर तिला करवसुलीचे कागद वाचीत कोण बसवील? पण एवढ्यानें भागत नाहीं. सीझरवर, सिकंदरावर, नेपोलियनवर निघालेल्या चित्रपटांतूनहि प्रेमप्रसंग असतात. तेथें प्रेम हा त्यांच्या पराक्रमाला लागलेला दागिना ठरतो. राज्यकर्ती स्त्री आली कीं प्रेम हेंच तिच्या पराक्रमाचें साधन ठरतें, आणि अखेर तेंच तिच्या नाशाचें कारणहि. तिसऱ्या शतकांत पाल्मिराच्या झेनोबियानें रोमच्या हातून इजिप्तसुद्धां हिसकावून घेतला होता. ती आपला वंश क्लिओपात्रेपर्यंत नेऊन भिडवी असें सांगतात. १९५९ सालीं इटलींत अनिता एकबर्ग हिला घेऊन तिच्यावर चित्रपट निघाला, आणि त्यांतहि राणी रोमन सरदाराच्या प्रेमांत पडलीच.

दुसरी परंपरा उपलब्ध नव्हती असेंहि नाहीं. दहाव्या शतकांतील अरब इतिहासकार अल् मसूदी यानें क्लिओपात्रेचें वर्णन विदुषी, तत्त्वज्ञ आणि विद्वानांचा मान राखणारी राणी असें केलें आहे. वैद्यकावरील ग्रंथहि तिच्या नांवावर घातले आहेत. त्या ग्रंथांविषयींची हकीकत दंतकथा असेल, पण दंतकथेचा कल पाहण्यासारखा आहे. ज्यांच्या पूर्वजांना ऑक्टेव्हियनला खूष ठेवण्याची गरज नव्हती, त्यांना ती पंडिता म्हणून आठवली. इजिप्तचा कवि अहमद शौकी यानें विसाव्या शतकांत तिच्यावर नाटक लिहिलें त्यांत ती स्वदेशासाठीं झगडणारी राणी आहे. हॉलीवूडनें आपल्या ग्रंथालयांत ही बाजू उघडून पाहिली नाहीं.

२०२३ सालीं नेटफ्लिक्सनें तिच्यावर माहितीपट आणि नाट्य यांचें मिश्रण असलेली मालिका काढली, आणि ॲडेल जेम्स या कृष्णवर्णी नटीला राणीची भूमिका दिली. लागलीच वाद पेटला. इजिप्तच्या पुराणवस्तु खात्यानें निवेदन काढून राणी गोरी आणि ग्रीक चेहऱ्याची होती असें बजावलें. वंशाविषयीं पुराव्यानिशीं बोलण्याचा त्यांना अधिकार आहेच. पण ज्या मालिकेंत राणीच्या राज्यकारभारावर विद्वान् स्त्रियांचीं भाष्यें होतीं, तिच्यावर जगभर झालेली चर्चा पुन्हां त्वचेपाशीं येऊन अडली. १९१७ मध्यें तिचा पोशाख, १९६३ मध्यें तिचें काजळ, २०२३ मध्यें तिचा रंग. तिनें नाण्यांतली चांदी कां कमी केली हें विचारण्याची पाळी एका शतकांत आलीच नाहीं.

तिच्या अखेरच्या दिवसांतला एक प्रसंग हिंदुस्थानाशीं संबंधित आहे, आणि तो बड्या चित्रपटांच्या कथेंत सांपडत नाहीं. ॲक्टियमच्या पराभवानंतर तिनें जहाजें जमिनीवरून ओढीत नेऊन तांबड्या समुद्रांत उतरविण्याचा प्रयत्न केला. तीं तेथील अरबांनीं जाळून टाकलीं. मग सीझरपासून झालेला सतरा वर्षांचा मुलगा सीझरियन याला भरपूर द्रव्य देऊन तिनें इथिओपियाच्या मार्गानें हिंदुस्थानकडे रवाना केलें. तांबड्या समुद्रावरील बंदरांतून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे व्यापारी जहाजें जातात हें तिला ठाऊक होतें. शिक्षकाच्या बोलण्यास भुलून मुलगा वाटेंतून परत फिरला, आणि ऑक्टेव्हियननें त्याला मारविलें. वैशाखांतल्या आवर्तासारखें सगळें उडून जात असतां मुलासाठीं, आणि गादीसाठीं, एक दूरचा किनारा शोधून ठेवणारी ही स्त्री प्रेमानें वेडी झालेली दिसत नाहीं.

बर्लिनच्या संग्रहांत पपायरसचा एक कागद आहे. इजिप्तमधील अबुसिर एल् मेलेक येथील उत्खननांत तो मिळाला. जुने सरकारी कागद रद्दी म्हणून विकले जात, आणि त्यांचे थर चिकटवून ममीचें वेष्टन बनवीत. अशा एका वेष्टनांतून तो सुटा करण्यांत आला. तारीख इ. स. पूर्वीं ३३ ची. अँटनीच्या पक्षाच्या एका रोमन सरदाराला दरसाल १०,००० माप गहूं देशाबाहेर नेण्यास आणि कॉस बेटाची ५,००० कुंभ दारू आंत आणण्यास जकात माफ केल्याचा तो हुकूम आहे. मजकूर कारकुनाच्या हातचा आहे. खालीं निराळ्या हस्ताक्षरांत ग्रीक भाषेंत एकच शब्द लिहिला आहे, त्याचा अर्थ 'तसें व्हावें'. तो शब्द राणीनें स्वतः लिहिला असावा असें मत पीटर व्हॅन मिनेन या पंडितानें २००० सालीं मांडलें. कित्येकांनीं तें मान्य केलें आहे, कांहीं अद्याप वाद घालतात. अक्षर घाईचें आहे, पुष्कळ कागदांवर सह्या करावयाच्या असलेल्या माणसाचें असतें तसें.